फोन आपला, तर किल्लीही आपल्याच हाती
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेले मार्गदर्शन)



आजचा विषय साधा आहे, पण गटातल्या बऱ्याच जणींना अडवणारा आहे. फोनचा पॅटर्न किंवा पिन विसरला, फोन उघडेना, तर काय करायचं? आपल्या फोनमध्ये आता पासबुकाचे फोटो आहेत, पापड-लोणच्याच्या ऑर्डरी आहेत, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. फोन अडला की धंदाच अडतो.

पहिली गोष्ट, घाई नको. अंदाजाने बोट फिरवत बसलं की फोन आपल्याला थांबवतो, आणि पुढे पुढे ही थांबायची वेळ वाढत जाते. मुलांनी लॉक बदललाय का, ते घरात विचारा. बोटाच्या ठशाने फोन उघडत असेल तर तो बंद करू नका. बंद करून चालू केला की आधी पिनच मागतो, ठसा चालत नाही. उघडतोय तोवर त्याच दिवशी फोटो आणि नंबर दुसरीकडे काढून घ्या.

काहीच आठवलं नाही, तर बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनला एकच मार्ग उरतो, रिसेट. म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करायचा. त्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. फोनच्या आतलं सगळं जातं. गुगल खात्यात साठवलेले नंबर आणि फोटो मात्र परत मिळतात. व्हॉट्सॲप त्याच नंबरावर पुन्हा सुरू होतं. जुने मेसेज बॅकअप घेतला असेल तरच येतात.

पैशाची भीती बाळगू नका. पैसे फोनमध्ये नसतात, बँकेत असतात. यूपीआयचा पिन आणि फोनचा पिन हे वेगळे आहेत. तेच सिम घालून ॲप पुन्हा सुरू करता येतं.

आता खरी अडचण ऐका. रिसेट झाल्यावर फोन विचारतो, आधी यात कोणतं गुगल खातं होतं? चोराने फोन पुसून विकू नये म्हणून २०१५ पासून ॲन्ड्रॉइडमध्ये ही सोय आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जणींचं खातं दुकानदाराने नाहीतर पुतण्याने घाईत काढून दिलेलं असतं. नाव त्याचं, नंबर त्याचा, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. मग स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन आपल्यालाच आत घेत नाही.

खात्याला आपला नंबर जोडलेला असेल तर मार्ग निघतो. आपलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. घरातल्या दुसऱ्या स्मार्टफोनवर गुगलच्या पानावर जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ निवडा. बहुधा सिमवर कोड येतो, तो भरून नवा पासवर्ड करता येतो. नंबर जोडलेला नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा. तिथे फोन आपलाच आहे हे दाखवायला बिल लागतं. म्हणून बिल फेकू नका, आणि ते स्वतःच्या नावाने घ्या.

दुकानात गेलात तर समोर बसून काम करून घ्या. ‘डेटा न जाता लगेच उघडून देतो’ असं कुणी म्हटलं तर लगेच भुलू नका. ओटीपी आणि यूपीआय पिन कुणालाही सांगू नका. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही ‘कस्टमर केअर’ नंबरवर विश्वास ठेवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. आणि एक माहीत असू द्या, फोन लॉक असला तरी पडद्यावरच्या इमर्जन्सी बटणावरून ११२ लावता येतो.

ताईंनो, गटाच्या पेटीची किल्ली आपण गटाबाहेरच्या माणसाकडे कधी ठेवत नाही. मग फोनची का ठेवायची? पॅटर्न म्हणजे नऊ ठिपक्यांची रांगोळी, ती विसरली तर पुन्हा काढता येते. पण खातंच दुसऱ्याचं असेल तर आपण दारात उभ्या.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने चार कामं करायची. एक, सेटिंगमध्ये ‘गुगल’ उघडून खातं कुणाच्या नावाचं आहे ते बघायचं. दोन, त्याला आपला चालू नंबर जोडायचा. खातं दुसऱ्याचं असेल तर आपलं नवं काढून तेच फोनमध्ये ठेवायचं. तीन, खात्याचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवायचा. फोनच्या कव्हरमध्ये नको, गटाच्या वहीतही नको. चार, नंबर आणि फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते तपासायचं. गटाचा हिशेब मात्र वहीतच पक्का ठेवा, फोनमधला फोटो ही त्याची दुसरी प्रत.

जिला जमत नाही तिने लाजू नये. जिला येतं तिने शेजारणीला शिकवावं, पण फोन तिच्याच हातात ठेवून. बटण तिनेच दाबायचं.