नाताळ आणि गव्हाणीची खूण

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठींत 'नाताळ' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आला असून त्याचें मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दांत आहे. या नांवांत मेजवानीचा उल्लेख नाहीं, देणग्यांचा नाहीं, रोषणाईचाहि नाहीं. तें केवळ एका जन्माकडे बोट दाखवितें. परंतु सणांचें असें होतें कीं, ज्या कारणानें ते सुरू झाले तें कारण हळूहळू मागें पडतें आणि त्याभोंवतीं जमलेला थाटच पुढें येतो. नाताळच्या बाबतींत हा अनुभव फार जुना आहे. तसाच त्या थाटांतून मूळ अर्थ शोधण्याचा प्रयत्नहि जुना आहे.

डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला कीं मुंबईंत वांद्र्याचा हिल रोड व पुण्यांतील लष्कर भाग ताऱ्यांच्या कंदिलांनीं उजळून निघतो. दुकानांच्या दर्शनी कांचांमागें प्लॅस्टिकचे सूचिपर्णी वृक्ष उभे राहतात, त्यांवर कापसाचें हिम पडतें, आणि तांबड्या झग्यांतील पांढऱ्या दाढीचा सांता क्लॉज येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना हांसून बोलावतो. ख्रिस्ती नसलेल्या सुशिक्षित घरांतूनहि या दिवसांत केक येतो, मुलांच्या उशाशीं भेटवस्तू ठेवल्या जातात. यांत वाईट असें कांहींच नाहीं. दुसऱ्याच्या सणांत आनंदानें भाग घेणें हें सुसंस्कृत शेजारधर्माचेंच लक्षण होय. मात्र हा आनंद कशाचा, असें एखाद्या मुलानें विचारलें, तर त्याला काय उत्तर द्यावें, हा प्रश्न ख्रिस्ती व ख्रिस्तेतर अशा दोन्ही घरांपुढें सारखाच उभा राहतो.

ही सारी सामग्री निरनिराळ्या काळीं आणि निरनिराळ्या देशांत जमत गेलेली आहे. शृंगारलेला वृक्ष ही मूळची जर्मन घरांतील चाल. १८४८ सालीं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकानें राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांचें कुटुंब अशा वृक्षाभोंवतीं जमल्याचें चित्र छापलें आणि मग ती चाल इंग्लंडांत घरोघर पसरली. विक्रीसाठीं छापलेलें पहिलें शुभेच्छापत्र १८४३ सालीं लंडनमध्यें हेन्री कोल यानें काढविलें. त्यावरील चित्राच्या मध्यभागीं पेले उंचावणारें एक सुखी कुटुंब आहे, आणि दोहों बाजूंस भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देणारीं माणसें आहेत. ज्याचा जन्मदिवस, तें बालक मात्र त्यांत कोठेंच नाहीं. सांता क्लॉज हा मुळांत चौथ्या शतकांतील मायरा येथील बिशप संत निकोलस. त्याला आजचें गुबगुबीत व विनोदी रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन लेखक-चित्रकारांनीं दिलें. फार काय, २५ डिसेंबर ही तारीखहि शुभवर्तमानांत सांपडत नाहीं. इ. स. ३५४ मध्यें रोम येथें संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथांत ती ख्रिस्तजन्माची तिथि म्हणून आढळते, आणि त्याच ग्रंथांत तो अजिंक्य सूर्याचाहि जन्मदिवस म्हणून नोंदलेला आहे. या दोहोंचा संबंध काय, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.

मग मूळ कथा तरी काय आहे? लूककृत शुभवर्तमानांतील वर्णन अत्यंत साधें आहे. रोमन बादशहा औगुस्त याच्या हुकुमानें खानेसुमारी होते. त्यासाठीं योसेफ आपल्या गरोदर वाग्दत्त वधूसह नासरेथहून बेथलेहेमला जातो. उतारशाळेंत त्यांना जागा मिळत नाहीं. मूल जन्मतें, त्याला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत ठेवलें जातें. ही वार्ता प्रथम कळते ती रानांत रात्रीं मेंढरें राखणाऱ्या धनगरांना. आणि देवदूत त्यांना जी खूण सांगतो ती राजवाड्याची वा मुकुटाची नव्हे, तर गव्हाणींत निजलेल्या बालकाची. मत्तयकृत शुभवर्तमानांत पूर्वेकडील ज्ञानी लोक येतात, पण त्यांच्या मागोमाग हेरोद राजाचा वधाचा हुकूमहि येतो, आणि या कुटुंबाला परमुलुखांत, मिसर देशांत, आश्रय शोधावा लागतो.

कारागृहांत मध्यरात्रीं झालेला कृष्णजन्म ज्यांच्या घरीं दरवर्षीं साजरा होतो, त्यांना ही कथा अगदींच परकी वाटणार नाहीं. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचा विशेष असा कीं, ईश्वरानें एकदांच व कायमचा मनुष्यदेह स्वीकारला, आणि तो स्वीकारतांना सामर्थ्य बाजूला ठेवून दुर्बळता व दारिद्र्य पत्करलें. गव्हाण ही या कथेंतील अडचणीची गोष्ट नाहीं. ती खूण आहे. नाताळचा जो ख्रिस्ती अर्थ म्हणून सांगतां येईल तो सारा या खुणेंत सांठविलेला आहे.

हा अर्थ थाटाखालीं बुडतो असें पाहून कांहींनीं थाटच नाहींसा करावयाचें ठरविलें. १६४७ सालीं इंग्लंडांत प्युरिटनांचें वर्चस्व असलेल्या पार्लमेंटानें नाताळचा सण रद्द केला. शास्त्रांत आधार नसलेला हा सण म्हणजे खादाडपणा व मद्यपान यांना दिलेला परवाना होय, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदींच खोटी नव्हती. त्याच वर्षीं कँटरबरी येथें या बंदीविरुद्ध दंगल झाली. १६५९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें नाताळ पाळणाराला पांच शिलिंग दंड ठरविला; तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. इंग्लंडांतील बंदी तर १६६० सालीं राजसत्तेच्या पुनरागमनाबरोबर संपली. दुकानें उघडीं ठेवण्यास भाग पाडतां येतें, पण आनंद दंडानें बंद होत नाहीं. आणि आनंद हद्दपार केल्यानें त्यामागचा अर्थ आपोआप उजेडांत येतो, असेंहि दिसलें नाहीं.

त्यापूर्वीं चारशें वर्षांहून अधिक काळ, इटालींत एका माणसानें निराळा मार्ग शोधला होता. १२२३ सालच्या डिसेंबरांत असीसीचा फ्रान्सिस ग्रेच्चो या डोंगरी खेड्यांत होता. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस सांगतो कीं, सणापूर्वीं सुमारें पंधरा दिवस फ्रान्सिसनें त्या गांवच्या जॉन नांवाच्या आपल्या स्नेह्याला बोलावून गव्हाण, वाळलेलें गवत, एक बैल व एक गाढव यांची व्यवस्था करण्यास सांगितलें. त्या बालकाला जन्मतांच काय काय सोसावें लागलें तें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावें, एवढीच त्याची इच्छा होती. ठरल्या रात्रीं आसपासचे गांवकरी मशाली व मेणबत्त्या घेऊन आले, गव्हाणीजवळ उपासना झाली, आणि डीकनचें पद असलेल्या फ्रान्सिसनें शुभवर्तमान गाऊन दरिद्री राजाच्या जन्मावर प्रवचन केलें. तेथें सोनें नव्हतें, चित्रें नव्हतीं. जमलेल्यांपैकीं एका सत्पुरुषाला असा भास झाला कीं, गव्हाणींत एक निश्चेष्ट बालक पडलेलें आहे आणि फ्रान्सिस जवळ जाऊन त्याला गाढ झोपेंतून जागें करीत आहे. चरित्रकार या भासाचा अर्थहि देतो : अनेकांच्या अंतःकरणांत विस्मृत झालेला बाळ येशू त्या रात्रीं जागा झाला. नाताळचा अर्थ हरवल्याची तक्रार आजची नाहीं, ती तेराव्या शतकांतहि होती, हें यावरून दिसतें.

हाच फ्रान्सिस आनंदाचा मात्र शत्रु नव्हता. नाताळ एकदां शुक्रवारीं आला, तेव्हां त्या दिवशीं मांस वर्ज्य करावें कीं काय, असा प्रश्न निघाला. फ्रान्सिसनें प्रश्न करणाराला दटावलें आणि अशा दिवशीं भिंतींनींहि मांस खावें, त्यांना खातां येत नसेल तर निदान त्यांना तें चोळावें, असें सांगितलें. नाताळच्या दिवशीं श्रीमंतांनीं गरिबांना पोटभर जेवूं घालावें, बैलांना व गाढवांना नेहमींपेक्षां अधिक वैरण मिळावी, आणि चंडोलांसारख्या पांखरांसाठीं लोकांनीं रस्त्यांवर धान्य टाकावें असा कायदा बादशहानें करावा, ही त्याची मनीषा होती. पण एके दिवशीं जेवतांना कोणी एका बंधूनें मरीयेच्या त्या दिवशींच्या दारिद्र्याची आठवण काढली, तेव्हां फ्रान्सिस हुंदके देत पानावरून उठला आणि उरलेली भाकर त्यानें उघड्या जमिनीवर बसून खाल्ली. मेजवानी आणि अश्रु हीं दोन्हीं एकाच हृदयांत राहूं शकतात. किंबहुना दुसरीं नसतील तर पहिलीला कांहीं अर्थ उरत नाहीं, हेंच या दोन आठवणी शेजारीं ठेवल्या म्हणजे उमगतें.

गोव्यांत व वसईंत आज घरोघर गोठ्याचे देखावे मांडले जातात. त्यांत गवत असतें, मातीचीं जनावरें असतात, वर तारा असतो. ग्रेच्चोच्या रात्रीशीं त्यांचें नातें आहे. तरीहि गोठा हासुद्धां एक थाट होऊं शकतो. तो सुंदर व्हावा म्हणून स्पर्धा लागते, आणि त्यांत मांडलेल्या प्रसंगांतील कठोर गोष्ट, म्हणजे दार बंद होतें ही गोष्ट, त्या सौंदर्यांत विरून जाते.

ती गोष्ट ज्यांनीं आचरणांत ओळखली अशा मराठी व्यक्तींत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं येतें. लहानपणीं दुष्काळांत त्यांनीं आईबाप गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, शेंकडों अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या आणि केडगांव येथें त्यांच्यासाठीं निवारा उभारला. आपल्या उत्तरायुष्यांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें सुबोध मराठी भाषांतर करणाऱ्या या विदुषीला बेथलेहेमच्या उतारशाळेची कथा ठाऊक होती, एवढेंच म्हणून भागणार नाहीं. जागा नाहीं, हें उत्तर आपल्या दारांतून जाऊं नये यासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें.

म्हणून कंदील विझवावे, केक परत पाठवावा, मुलांचा सांता क्लॉज हिरावून घ्यावा, असें कोणी म्हणण्याचें कारण नाहीं. सणाच्या प्रत्येक साधनाला फक्त एक प्रश्न विचारतां येईल : याच्यामुळें घराचें दार थोडें अधिक उघडतें, कीं बंद होतें? फराळाचें ताट शेजारीं जातें, पण घरांत राबणाऱ्या बाईच्या मुलांपर्यंत तें पोंचतें का? जानेवारीच्या ६ तारखेला ज्ञानी लोकांच्या आगमनाचा सण होतो, आणि त्यानंतर बहुतेक घरांतील गोठा पेटींत परत जातो. मातीचीं मेंढरें, कागदाचा तारा, मूठभर गवत हें सारें वर्षभर माळ्यावर राहतें. रात्रीच्या मुक्कामासाठीं जागा शोधणारीं माणसें मात्र फेब्रुवारींतहि रस्त्यावरच असतात.