अंतरपाटाच्या पलीकडची मुलगी

बसमध्ये असाल, शेतात असाल की जेवण करून गच्चीवर, सगळ्यांचं स्वागत. आजची गोष्ट आपल्या जालना जिल्ह्यातलीच आहे.

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ चा. त्यांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा आहे, ‘सावधान’ हा शब्द कानावर पडतो आणि तो खरंच सावध होऊन मांडवातून पळ काढतो. आजही मंगलाष्टकं सुरू झाली की कुणीतरी नवरदेवाला डिवचतंच, “पळायचं तर आत्ताच पळ बाबा!” आणि सगळे हसतात.

आता जरा अंतरपाटाच्या पलीकडे जाऊ. तिथं एक मुलगी उभी होती ना? हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली. तिचं नाव काय? आपण जी गोष्ट सांगतो, ऐकतो, त्यात तिला नावच नाही. त्या मांडवात तिच्या आईबापाचं काय झालं असेल, लोक तिला काय म्हणाले असतील, हे कुणी विचारत नाही. समर्थांचं मोठेपण कमी करायचं म्हणून मी हे बोलत नाहीये. पण त्या मोठ्या प्रवासाची सुरुवात जिथं झाली, तिथं एक मुलगीही मागे राहिली. तिची साधी आठवण ठेवायला काय हरकत आहे?

बरं, ही तर बिननावाची. जिचं नाव घराघरांत आहे, त्या सीतेला तरी आपण कुठं न्याय दिला? “सीतेनं लक्ष्मणरेषा ओलांडली म्हणून रामायण घडलं,” हे आपण लहानपणापासून ऐकतो. कॉलेजला निघालेल्या पोरीलाही तीच रेषा दाखवतात. पण वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाहीच! अरण्यकांड उघडून बघा. दारात संन्यासी आलाय. तो पाहुणा आहे, त्याचा मान राखला नाही तर शाप देईल, असा विचार करून सीता त्याला बसायला आसन देते, पाणी देते. रेषा आली ती पुढच्या काळातल्या रामकथांमधून. म्हणजे वेश बदलून आला रावण, पळवून नेलं रावणानं, आणि जाब विचारायचा सीतेला!

मग या बायकांची गोष्ट कुणी वेगळी सांगितलीच नाही का? सांगितली की. बायकांनीच सांगितली.

तेराव्या शतकातली महदंबा. चक्रधर स्वामींची शिष्या, मराठीतली आद्य कवयित्री. बालविधवा. तिनं धवळे रचले, म्हणजे लग्नात गायची गाणी. लग्न कुणाचं? रुक्मिणीचं. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न जिला मान्य नव्हतं आणि जिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला, त्या रुक्मिणीचं.

पुढे चारशे वर्षांनी वेणाबाई. रामदासांचीच शिष्या, तीही बालविधवा. लोकांनी तिच्याबद्दल नको नको ते बोललं. घरच्यांनी तिला विष दिलं, असंही परंपरेत सांगतात. पण समर्थांनी तिला कीर्तनाला उभं केलं, मिरजेचा मठ सोपवला. आणि या वेणाबाईनं ग्रंथ लिहिला तो सीतास्वयंवर.

लक्षात येतंय का? विधवेची सावलीही लग्नमांडवात नको, असं मानणारा समाज. त्यात या दोघींनी लग्नाच्याच कथा लिहिल्या. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या मांडवात त्यांना जागा नव्हती, तिथं त्या शब्दांतून गेल्या आणि थेट नवरीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

असं करणाऱ्या या दोघीच नव्हत्या. जात्यावर दळता दळता खेड्यापाड्यांतल्या बायकांनी सीतेच्या वनवासाच्या कितीतरी ओव्या गायल्या. त्यात सीतेला दोष कमी आणि तिच्यासाठी जीव तुटणं जास्त. जे सुख-दुःख घरात बोलता यायचं नाही, ते सीतेच्या नावानं बोलता यायचं.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरात आजी असेल, शेजारी एखादी म्हातारी मावशी असेल, तर विचारा, “सीतेची ओवी येते का गं?” ती हो म्हणाली तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. रील नाही केलं तरी चालेल. आणि पुढच्या लग्नात ‘सावधान’वरून हशा पिकला, की शेजारच्याला हळूच विचारा: त्या मुलीचं पुढे काय झालं रे?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.