प्रवरेच्या काठी आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थिमित्रहो,

प्रवरानगरला आपले मनःपूर्वक स्वागत. अर्थशास्त्रज्ञाचा सल्ला कुठवर पोचतो, या प्रश्नावर बोलायला यापेक्षा योग्य गाव मला सुचत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ इथल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवत होते आणि गाडगीळ त्यांच्याबरोबरीने उभे राहिले. 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झाले. सल्ला देऊन ते पुण्याला परतले नाहीत. हिशेबाची आणि कर्जाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे सूत्र त्यांनी घालून दिले, तेव्हा त्यामागे ही वर्षे होती असे मी मानतो.

त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेरवाटपाला पुरेल एवढी जमीनच नाही, तेव्हा ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्या, असे त्यांनी मांडले. केवढे वादंग माजले! दारिद्र्यरेषा कुठे आखायची इथपासून भांडण होते. पण त्या भांडणामुळेच गरिबी मोजण्याचा प्रश्न अभ्यासकांच्या खोलीबाहेर आला. रोजगार हमीची कल्पना मात्र कार्यकर्ते वि. स. पागे यांची. 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ती करून पाहिली होती. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तोच मार्ग धरला. अभ्यासकाची आकडेवारी, कार्यकर्त्याचा अनुभव आणि खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची निकड एकत्र आली, म्हणून हे घडले. यातले एक जरी नसते तरी कागद फडताळातच राहिला असता.

आज शेतमालाचे भाव, पाणीवाटप, पीकविमा यांवर अहवालांचा तुटवडा नाही. ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होतो, त्यांना ते वाचता येत नाहीत, ही माझी खंत आहे. म्हणून स्वागत समितीने पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना आणि ऊसतोड मजुरांना प्रत्येक सत्राचे निमंत्रण दिले आहे. ते पुढच्या रांगांत बसतील. आपले निबंध मराठीत मांडा, प्रश्नांना वेळ राखून ठेवा आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या, एवढी विनंती करून मी आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो.