नायट्रो बग्गीची निगा

रिमोटवरची गाडी म्हटली की पोरांचं खेळणं डोळ्यांपुढे येतं. पण आज बोलणार आहे ते एक-अष्टमांश मापाच्या, कच्च्या ट्रॅकवर धावणाऱ्या नायट्रो बग्गीबद्दल. लांबी जेमतेम अर्धा मीटर, पण पोटात ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि तेही मिनिटाला ३० हजारांच्या पुढे फेरे घेणारं. जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी चालते तासभर आणि टाकी असते फक्त १२५ सीसीची. त्यामुळे दर आठ-दहा मिनिटांनी गाडी पिटमध्ये घ्यावीच लागते.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेन आपला प्राणवायू सोबत घेऊनच येतं, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. ठिणगी इथे नसतेच. ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीत तापलेली राहते आणि इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घेता येते.

आता कार्बोरेटरची सुई. ती आवळली की इंधन कमी होतं, गाडी सुसाट सुटते आणि नवशिका खूष होतो. पण इंजिनाला तेल मिळतं ते याच इंधनातून. इंधन तोडलं की वंगणही तुटलं, आणि दोन-चार फेऱ्यांत पिस्टनचं वाटोळं! म्हणून सरळ रेषेत गाडी सोडल्यावर मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. धूर दिसेनासा झाला तर सुई थोडी सैल करा. तापमान मोजायची बंदूक हाताशी असावी, पण माझा भरवसा धुरावर आणि कानावर जास्त.

मंद गतीसाठी वेगळी सुई असते, ती तपासायची खूण सोपी. इंजिन आयडलवर असताना कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबून धरा. दोन-तीन सेकंदांनी आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं, तर ठीक. लगेच बंद पडलं तर मिश्रण पातळ. बराच वेळ चालत राहिलं, आवाजही चांगलाच चढला, तर दाट.

सुईइतकाच जीव एअर फिल्टरमध्ये अडकलेला असतो, आणि नेमकी त्याचीच हेळसांड होते. ट्रॅकवरची धूळ एकदा आत गेली की पिस्टन-स्लीव्ह खरवडून काढते, मग कितीही सुया फिरवा. फोम धुऊन, पूर्ण वाळवून त्याला फिल्टरचं तेल लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चोळा, म्हणजे तेल सगळीकडे सारखं मुरतं. कोरडा राहिलेला कोपरा धुळीला मोकळी वाट देतो. तयार फोम दोन-तीन जवळ ठेवावेत.

डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल आणि शॉकमधलं तेल यांवर तासन्‌तास वाद घालणारे बरेच भेटतील. सुरुवातीला कंपनीने दिलेलं माप ठेवा. क्लच बेलचे बेअरिंग मात्र दर वेळी बोटाने फिरवून बघा, खरखरले की बदला.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, नळीत उरलेलं इंधन जाळून टाका, कार्बोरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडून इंजिन फिरवून घ्या. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं, ते आत राहिलं तर बेअरिंग गंजतात. स्लीव्ह वर निमुळती होत जाते, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला अडकलेला ठेवू नका. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर मार्करने ठिपका देऊन ठेवा, तो समोर आणूनच गाडी कपाटात ठेवा.