शाहिराचे शब्द आणि साक्ष
(लोणी देवकर येथे केलेले भाषण)



चित्रपटातील संवाद आपण सहज पाठ करतो. परंतु तो सत्य असेलच असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक रे चार्ल्स यांच्या जीवनावरील ‘रे’ (२००४) या चित्रपटात जॉर्जिया राज्याने त्यांच्यावर बंदी घातल्याचे सांगितले आहे. वस्तुतः १९६१ साली ऑगस्टा येथे नृत्याची जागा केवळ गोऱ्यांसाठी राखलेली होती, म्हणून त्यांनी गाण्यास नकार दिला. करारभंगाबद्दल त्यांना दंड झाला. बंदी झाली नाही.

आपले शाहीर विलास घोगरे यांच्यावरील ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा प्रकार निराळा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. १० जीव गेले. चार दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे खपून वस्तीतील माणसांचे बोल टिपले. ते कोणा लेखकाने रचलेले नाहीत. ती साक्ष आहे. जमाव टँकर पेटविणार होता, हा पोलिसांचा बचाव गुंडेवार आयोगाने मानला नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित उपनिरीक्षकास दोषी ठरविले.

वकील या नात्याने सांगतो, टाळ्या घेणारे वाक्य न्यायालयात टिकत नाही. दिनांक, स्थळ आणि साक्षीदाराचे नाव टिकते. आपल्या गावी अन्याय घडला, तर पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवा व त्याखाली सही करा.

जय भीम.