झिलई उतरवण्यापूर्वी



इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात घडलेले महोगनीचे खणांचे कपाट, दिसते तसे सबंध महोगनीचे बहुधा नसते. आत पाइनसारखे साधे लाकूड आणि दर्शनी अंगास सरसाने चिकटवलेला महोगनीचा पातळ पापुद्रा, अशी त्याची घडण असते. या पापुद्र्यास व्हेनीअर म्हणतात. अठराव्या शतकात कारागीर तो हातकरवतीने कापीत. त्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर, कधी त्याहून अधिकही भरे. पुढे यंत्राचे पाते आले आणि ती एक मिलिमीटरच्याही खाली उतरली. वारशाने असे कपाट लाभलेला नवशिका त्यावरील काळवंडलेली, भेगाळलेली झिलई पाहतो आणि ती खरवडून टाकण्यास अधीर होतो. हाताखालचे मोलाचे लाकूड दोन-तीन पोस्टकार्डांइतकेच जाड आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

म्हणून झिलई कशी काढावी यापूर्वी ती कोणती आहे, हे ठरवणे आवश्यक असते. पायाच्या आतील, नजरेआड असलेल्या जागी प्रथम मेणाचा थर टर्पेंटाइनने पुसून घ्यावा. एरवी परीक्षा फसते. मग कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. झिलई चिकट होऊन बोळ्यावर पिवळसर-तांबूस डाग उतरला, तर ती लाखेची. स्पिरिटला न जुमानता थिनरने विरघळली, तर ती बहुधा नायट्रोसेल्युलोजची. हा प्रकार १९२० नंतर प्रचारात आला, तेव्हा ती मागाहून कोणीतरी चढवली असली पाहिजे. दोहोंनाही दाद न देणारी झिलई बहुतेक वेळा तेलाच्या वार्निशाची निघते.

इंग्रजी कपाटावर लाख आढळावी यात नवल नाही. ‘फ्रेंच पॉलिश’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. त्यातील मुख्य द्रव्य पळस, बोर, कुसुंब या झाडांवर पोसणाऱ्या किड्याने स्रवलेले असते, आणि त्याचा मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या परिसरातून होत असे. रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली संस्था निघाली, यावरून या मालाचे महत्त्व कळावे.

लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, हा नवशिक्याचा मोठाच लाभ. वरचा मळ काढून स्पिरिटच्या हलक्या हाताने जुना थर सारखा करता येतो आणि त्यावर नवा हात देता येतो. पुष्कळदा सारी झिलई उतरवण्याचे कारणच उरत नाही. पेल्याखाली उमटलेली पांढरी वर्तुळेसुद्धा बहुतांशी झिलईतच असतात, लाकडात नव्हे.

तरीही ती काढणे भागच असेल, तर एका वेळी वीतभर जागा घ्यावी. थर मऊ झाल्यावर कोपरे गोलावलेल्या बोथट पट्टीने, रेषांच्या दिशेने तो उचलावा. पाण्याचा वापर टाळावा. उष्ण हवेची बंदूक आणि कॉस्टिक सोड्याचा हौद तर व्हेनीअरचे वैरीच, कारण सरस ओलाव्याने व उष्णतेने सुटतो. दुकानातील डब्यांवर ‘सर्व प्रकारच्या लाकडास उपयुक्त’ अशी ग्वाही असते. ती देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हेनीअर असतेच असे नाही. मिथिलीन क्लोराइड असलेली द्रव्ये तर माणसाच्याच जिवावर उठतात. बंद जागेत त्यांच्या वाफेने मृत्यू ओढवले आहेत, आणि अमेरिकेत त्यांची घरगुती ग्राहकांना होणारी विक्री २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

सर्वांत मोठे नुकसान मात्र काचकागदाने होते, विशेषतः यंत्रावर चढवलेल्या. कडेशी व्हेनीअर आधी झिजते आणि खालचे फिके पाइन डोकावू लागते. एखादा फुगवटा सुटला, तर झिलई काढलेल्या जागी कागदावरून कोमट इस्त्री दाबून सरस पुन्हा धरतो. ज्या सरसामुळे पापुद्रा निघतो, तोच त्याला परत बसवतो. घासून गेलेल्या पापुद्र्यावर असा इलाज नाही. तेथे नवा तुकडाच बसवावा लागतो, आणि जुन्या महोगनीशी त्याची रेषा व छटा जुळवताना मुरलेल्या कारागिराचीही दमछाक होते.

काम आरंभण्यापूर्वी पितळी मुठी उतरवून ठेवाव्यात. त्यांच्याखाली प्रकाशाने न फिकटलेला मूळ रंग सापडतो. नवा हात देताना त्याची नोंद उपयोगी पडते. पायाच्या आतील अंगास जुन्या झिलईचा इंचभर तुकडा तसाच राखावा. पन्नास वर्षांनी जो कोणी पुढील दुरुस्तीस बसेल, त्याला मूळ थर तेथे पाहावयास मिळेल.