डोक्याला बांधलेलं फडकं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून आलेले माझे डॉक्टर मित्र, परिचारिका भगिनी आणि आशाताई,

आपल्या नोंदवहीत 'डोकेदुखी' एवढ्या एका शब्दात जी तक्रार मिटते, तिच्याविषयी मी आज बोलणार आहे. अर्धशिशीविषयी.

काही वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या हंगामात, एक बाई दवाखान्यात आली. कपाळावर सुंठेचा वाळलेला लेप होता आणि त्यावर करकचून बांधलेलं फडकं. पहाटे उपाशीपोटी मोह वेचायला गेली होती. उन्हं वर आली तसं अर्धं डोकं ठणकायला लागलं. उलटी झाली, उजेड सोसेना. टोपली झाडाखालीच टाकून ती घरी आली आणि दार लावून अंधारात पडून राहिली. महिन्यातून तीन-चारदा असंच होतं, म्हणाली. मी रक्तदाब पाहिला, मलेरियाची तपासणी केली. सगळं ठीक निघालं. "काही नाही, काळजी करू नका," असं म्हणून मी गोळ्या दिल्या.

ते 'काही नाही' मला आजही बोचतं. तिला होत होतं ते खरं होतं. ते ओळखण्याची नजर माझ्याकडे नव्हती.

आज विज्ञान ही नजर देऊ लागलं आहे. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणाला, ड्युराला, कळते. तिथे ट्रायजेमिनल मज्जातंतूची टोकं पसरलेली असतात आणि त्यांना खेटून मास्ट पेशी असतात. या आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी. धुळीनं शिंका आणणाऱ्या, अंगावर पित्त उठवणाऱ्या. त्या फुटल्या की हिस्टामिन आणि इतर दाहक द्रव्यं बाहेर पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ड्युरातल्या मास्ट पेशी फोडल्यावर तिथले वेदनातंतू तासन्‌तास चेतलेले राहिले. चेतलेला तंतू सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि मास्ट पेशींनाही पुन्हा डिवचलं जात असावं. असा हा तंतू आणि पेशी यांचा एकमेकांना पेटवण्याचा खेळ.

झटका चालू असताना मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं असतं, हे गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांनी 1990मध्ये प्रसिद्ध केलं. 2018मध्ये त्याला अडवणारी प्रतिपिंडांची इंजेक्शनं अमेरिकेत मंजूर झाली, आणि 2021चा 'ब्रेन प्राइझ' या दोघांसह मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन यांना मिळाला. मास्ट पेशींचा हात दिसतो म्हणून अर्धशिशी हा प्रतिकारयंत्रणेचाच आजार, असं म्हणणं मात्र घाईचं होईल. ठिणगी तंतूत पडते की पेशीत, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

पण प्रतिकारयंत्रणा आणि मज्जातंतू यांचं भांडण आपल्या मातीला नवं नाही. बाबा आमटे यांनी 1949मध्ये वरोऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली. कुष्ठरोग्यांचे हात हाती घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की औषध सुरू होऊन जंतू मरत असतानाही एखाद्याच्या कोपराजवळचा मज्जातंतू अचानक सुजतो, हात लावू देत नाही, बोटांतलं बळ जाऊ लागतं. हा घाव मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा. म्हणून तर आपण प्रेडनिसोलोन देऊन तो तंतू वाचवतो. अर्धशिशीत तंतू असा मरत नाही, दोन्ही आजार वेगळे आहेत. तरी रक्षणासाठी ठेवलेली यंत्रणाच वेदना देऊ शकते, हा धडा आपण इथेच शिकलो आहोत.

दुसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये 1989 साली तो अभ्यास छापून आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी अवघ्या 8 टक्क्यांचीच तशी तपासणी झाली होती. दुखणं घरोघरी होतं, विचारणारं कुणी नव्हतं. अर्धशिशीही पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक छळते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ताप असेल तर आधी मलेरिया पाहाच. पण वारंवार डोकं दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा: दुखताना मळमळतं का? उजेड सोसत नाही का? त्या दिवशी काम बुडतं का? दोन उत्तरं 'हो' आली, तर अर्धशिशीचा संशय धरा. हे प्रश्न माडियात आणि गोंडीतही विचारले जावेत. महागडी इंजेक्शनं आपल्या दवाखान्यांत पोचायची तेव्हा पोचतील. झटके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल आणि अॅमिट्रिप्टिलीन ही स्वस्त औषधं आजही आपल्या हाताशी आहेत. आणि किराणा दुकानातली वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेतली, तर तीच डोकं दुखवते, हेही समजावून सांगा.

नोंदवहीत 'डोकेदुखी'च्या पुढे एक रकाना वाढवा, आणि त्यात तिचे किती दिवस बुडाले ते लिहा. मी माझ्या दवाखान्यात तो आखला आहे. कपाळाला फडकं बांधून आलेल्या बाईला 'काही नाही' हे शब्द आपल्यापैकी कुणाच्याही तोंडून पुन्हा ऐकावे लागू नयेत.